मला लवकर पोचायचंच नाहीये, कळतंय का?

आठ मिनिटं. आठ मिनिटं वाचतील म्हणे, फोनमधला मॅप सांगतोय. अरे पण वाचवायला सांगितलं कुणी?

सुट्टीचा दिवस, पहाटे उठलो, मोटरसायकलच्या चेनला ल्यूब मारलं, टायरमधली हवा बघितली आणि निघालो ते फक्त भटकायला. कुठं पोचायचं नव्हतंच. म्हणजे नावापुरतं एक ठिकाण होतं, कारण मॅपला काहीतरी खायला घालावं लागतं, पण खरी मजा मधल्या आडरस्त्यांची, जिथं एक वळण संपतंय तोवर दुसरं सुरू होतं, रस्ता ओढ्याच्या कलानं वाकत जातो, झाडी दोन्हीकडनं अंगावर येते आणि गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधे मस्त गुणगुणत राहते. सरळ गेलं तर ९० किलोमीटर, माझ्या रस्त्यानं १७०. मला माहितीये. मी मुद्दाम केलंय. पण फोनमधल्या त्या बाईला हे काही केल्या पटत नाही.

आणि आता कुणी मला 'हायवे टाळा'चं बटण सांगू नका. ते ऑन आहे. गेली कित्येक वर्षं ऑन आहे. त्याचा अर्थ काय होतो माहितीये? हायवे तेवढा वगळायचा आणि उरलेल्यातला सगळ्यात फास्ट रस्ता द्यायचा. म्हणजे परवा मला तिनं चक्क हायवेच्या कडेकडेनं जाणाऱ्या सर्व्हिस रोडवर घातलं. मधे एक लोखंडी कठडा, पलीकडं ट्रक धडाधड चाललेत, अलीकडं मी, धूर खातोय, आणि मॅप खूश, की बघ, टाळला की नाही हायवे! अक्कल नावाची गोष्ट नाही, पण नियम पाळल्याचा तोरा केवढा.

मी जरा खोलात जाऊन वाचलं होतं मधे की हे असं का होतं, आणि वाचून राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला. एडस्गर डाइक्स्ट्रा नावाचा डच माणूस, १९५६ साली ॲम्स्टरडॅममधे होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमला, एका कॅफेत कॉफी घ्यायला बसला आणि वीसेक मिनिटात, कागद-पेन्सिल न घेता, दोन शहरांमधला सगळ्यात जवळचा रस्ता शोधायची रीत डोक्यात तयार केली. १९५९ ला छापली. आज रस्ते शोधणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मुळाशी हीच कल्पना आहे, वर कितीही नवे थर चढवलेले असोत. माणूस थोरच, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच्या रीतीत प्रत्येक रस्त्याला एक 'खर्च' असतो आणि बेरीज कमीत कमी करायची असते. खर्च कशाचा धरायचा ते आपण ठरवायचं. अंतर धरा, वेळ धरा, चढ धरा, काय वाट्टेल ते धरा. आणि या ॲपवाल्यांनी काय धरलं? वेळ. मग अरुंद रस्ता, स्पीड कमी, खर्च जास्त. फाट्यावर वळायचंय, त्याचे वरती काही सेकंद दंड. म्हणजे मी ज्या गोष्टीसाठी घरातनं निघतो, तीच त्यांच्या हिशोबात नुकसान! वळण म्हणजे दंड! कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं.

बरं, उलटं गणित करणं अवघड आहे असंही नाही. वळणांना जास्त मार्क देणारी मोटरसायकलवाल्यांची खास ॲप्स आहेत, मी वापरलीयेत, त्यातलं एक मला वळणं शोधत शोधत एका नव्या वसाहतीतनं फिरवून आलं, कारण तिथं दर पन्नास मीटरला काटकोन होता. हो, वाकडा रस्ता मागितला होता मी, कबूल. पण असा नाही ना राव.

मग माणूस काय करतो, रात्री बसून स्वतः रस्ता आखतो. मी दोन तास बसलो होतो. नकाशा झूम करकरून, ही बारीक पांढरी रेघ पक्की आहे का कच्ची, हा पूल आहे का नुसता ओढा ओलांडायचाय, असं करत पंधरा-वीस टाचण्या मारल्या. फाईल फोनमधे घेतली आणि ॲपनं काय केलं? माझ्या त्या लाडक्या वेड्यावाकड्या रेघेवर इस्त्री फिरवली! कारण मी दिलेला होता 'रूट', आणि रूट म्हणजे फक्त थांबे, मधलं गणित यंत्र स्वतःच्या मनानं परत करतं. 'ट्रॅक' द्यायला हवा होता, ती नुसती ठिपक्यांची माळ असते, तिला सहसा कुणी हात लावत नाही. हा फरक मला आता माहितीये. कसा कळला ते विचारू नका, एका उजाड फाट्यावर हेल्मेट टाकीवर ठेवून शिव्या घालताना कळला.

आणि टाचण्यांची तर वेगळीच गंमत. बोट जाड, स्क्रीन लहान, एक टाचणी रस्त्यावर पडायच्या ऐवजी तीस-चाळीस मीटर बाजूला पडली होती. झालं. छान चाललो होतो, उजवीकडं उतार, डावीकडं शेत, आणि बाई म्हणते डावीकडे वळा. वळलो. दगडी गडग्यामधनं पायवाटेएवढी वाट, शेवटाला कुणाचं तरी अंगण, अंगणात वाळत घातलेले कपडे आणि साखळीला बांधलेलं एक कुत्रं, जे माझ्या आयुष्यात आजवर कुणी केला नसेल एवढा माझा तिरस्कार करत होतं. दारात एक बाई उभ्या, हातात बादली. मी हेल्मेटच्या आतनं 'सॉरी हां मावशी, रस्ता चुकलो' म्हणतोय, त्यांना काही ऐकू जात नाहीये, गाडी पावणेदोनशे किलोची, जमीन मागं उतरती, आणि मी पायानं ढकलत ढकलत मागं घेतोय, आणि तेवढ्यात कानात काय ऐकू आलं असेल? 'तुम्ही पोचला आहात.'

पोचलो! कुठं पोचलो गं बाई?

त्या टाचणीपाशी गेलं नाही तर अजून वाईट. तिला ओलांडून पुढं गेलं की पुढचे दहा किलोमीटर एकच जप, यू-टर्न घ्या, शक्य असेल तिथे यू-टर्न घ्या. मागं राहिलेल्या एका चुकीच्या ठिपक्यासाठी. सोडून दे ना, झालं गेलं गंगेला मिळालं! नाही. तिला तो ठिपका पाहिजेच.

पण ह्या सगळ्यापेक्षा ज्या गोष्टीनं माझं खरंच डोकं सटकलं ती सांगतो, कारण ती नुसती वैतागाची नाहीये. आडरस्त्यावर नेट येत-जात असतं. उपग्रहावरनं आपली जागा कळायला नेट लागत नाही, फोन तिथं नुसता ऐकायचं काम करतो, पण ट्रॅफिक आणि नवीन रस्ते शोधायला नेट लागतं. तर होतं काय, मधे कुठंतरी टेकाडावर क्षणभर रेंज येते आणि ही बया लगेच जागी होते, 'वेगवान मार्ग सापडला, आठ मिनिटं वाचतील', आणि खाली एक पट्टी येते जी काही सेकंदात नाकारली नाही तर आपोआप होकार धरला जातो. आपोआप! मी गप्प बसलो म्हणजे हो म्हणालो, हा कुठला न्याय? आणि नाकारणार कसा, हातात ग्लोव्हज. ह्या स्क्रीनला उघडं बोट लागतं, ग्लोव्हजचं साधं कापड किंवा चामडं लावलं तर तिला पत्ता लागत नाही, उलट पावसाचा थेंब पडला तर मात्र तिला तो स्पर्श वाटतो आणि नकाशा आपला चाललाय दुसऱ्याच तालुक्याला.

तर अशीच पट्टी आली आणि मी खाली बघितलं. एक सेकंद, फार तर दीड. स्पीड साठ. साठ म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा मीटर, म्हणजे एखादा ट्रक आणि वर थोडी जागा, एवढं अंतर मी रस्ता न बघता गेलो. मान वर केली तर वळण आलेलं, आणि वळणात खडी. ती बारीक काळी खडी, कुणीतरी खड्ड्यात डांबर ओतून वर पसरलेली आणि दाबायची राहून गेलेली, गाड्यांच्या चाकांनी उधळून मधे आणि कडेला तिचे लांबट ढीग झालेले असतात, फक्त चाकं जातात त्या दोन पट्ट्या स्वच्छ. मी अर्थातच स्वच्छ पट्टीवर नव्हतो. मी आठ मिनिटं नाकारण्यात बिझी होतो.

टायरचा जमिनीला टेकलेला भाग तळहाताएवढा, आणि त्याच्या खाली गोट्या. पुढचं चाक सरकलं. बोटभर असेल, दोन बोटं असेल, पण ते पोटात कळतं, हँडलला नंतर. हात आपोआप ब्रेककडं जातो, आणि नेमका तोच दाबायचा नसतो, गाडी कललेली असताना खडीवर पुढचा ब्रेक दाबला की विषय संपला. मी काय केलं मला नीट आठवत नाही, हात ढिले सोडले, नजर वळणाच्या टोकाला नेली, गाडी जराशी उभी झाली, गवताच्या कडेला जाऊन परत आली. पलीकडनं काही येत नव्हतं म्हणून आज हे टाईप करतोय. थांबलो, स्टँड लावला, पाय लटपटत होते. आणि स्क्रीनवर काय? नवीन मार्ग लागू झालेला. निळी रेघ परत हायवेच्या त्या सर्व्हिस रोडकडं.

मी त्या क्षणी फोन शेतात फेकणार होतो. फेकला नाही कारण हप्ते चालू आहेत.

तसाही तो मरायलाच टेकलाय. उन्हात तासभर हँडलवर राहिला की तापतो, मग स्क्रीन आपोआप अंधुक, मग फोन तापलाय, आता चालणार नाही असा संदेश. कॅमेरा तर कधीच गेला, फोटो असे येतात जसे पाण्याखालनं काढलेत. इंजिनाच्या कंपनांनी कॅमेऱ्यातली ती हलणारी बारीक लेन्स बिघडू शकते, एका मोठ्या फोन कंपनीनं २०२१ ला स्वतःच सांगितलंय की दणकट इंजिनाच्या मोटरसायकलच्या हँडलला फोन लावू नका. मग कुठं लावू, कपाळाला?

मित्र सांगतात, अरे मग हायवेनी पटकन जायचं आणि तिथं जाऊन फिरायचं. तिथं जाऊन! ह्यांना अजून कळलं नाहीये की 'तिथं' काही नाही. तिथं जाऊन मी हेल्मेट काढतो, पाच मिनिटं कंबर सरळ करतो आणि परत फिरतो. सोमवारी ऑफिसमधे पहिला प्रश्न, कुठं गेला होतास? मग काय पाहिलंस? काही नाही. मग गेलास कशाला? ह्याचं उत्तर मी आजवर एकदाही धड देऊ शकलेलो नाही आणि त्याचाही मला रागच येतो.

असो. खडीनंतर मी फोन बंद करून खिशात टाकला. म्हणलं आता माणसांना विचारत जाऊ, पूर्वी लोक जात नव्हते का? पाचेक किलोमीटरवर एक तिठा आला, पाटी नाही, मोरीच्या कठड्यावर एक आजोबा बसलेले, समोर शेळ्या. गाडी बंद केली, हेल्मेट काढलं.

"आजोबा, हा डावीकडचा रस्ता कुठं निघतो?"

"तुम्हाला कुठं जायचंय?"

"तसं कुठं नाही, असंच फिरतोय."

"असंच म्हणजे?"

"असंच. रस्ता चांगला आहे का, वळणाचा?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं. मग काठी उचलून मी जिकडनं आलो होतो तिकडं दाखवली.

"इकडं काय नाही बाबा, नुसती वळणं आहेत. असं मागं जा, हायवे लागंल. लवकर पोचशील."