खोकून हार्ट अटॅक थांबत नाही हो

आमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत आला, या वर्षात तिसऱ्यांदा. "एकटेच गाडी चालवताय, छातीत कळ येऊन हातात, जबड्यात जायला लागली, शुद्ध हरपायला फक्त १० सेकंद आहेत, घाबरू नका, खोल श्वास घेऊन दर २ सेकंदाला जोरात खोका, हृदय दाबलं जाऊन रक्त फिरत राहतं, हॉस्पिटलपर्यंत पोचाल, १० जणांना पाठवा." मी कार्डियाक आयसीयूत सिस्टर आहे, आत्ताच नाईट करून आलेय, त्यामुळे जरा तिरकस लिहीन, सांभाळून घ्या.

आधी ते १० सेकंद. मेसेजवाल्याने हार्ट अटॅक आणि कार्डियाक अरेस्टची भेळ केलीये. अटॅकमधे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत गुठळी अडकते पण हृदय चालू असतं, आमच्याकडे बहुतेक पेशंट बोलत बोलतच येतात, शर्ट घामाने भिजलेला आणि वर "सिस्टर, फक्त ॲसिडिटी आहे हो". अरेस्टमधे पंपिंगच बंद, माणूस काही सेकंदात कोसळतो, तो खोकणार कधी? आणि अटॅकवाला कितीही खोकला तरी गुठळी जागची हलत नाही, दमतो तेवढा.

आता "खोकल्याने रक्त फिरतं". हे पूर्ण खोटं नाहीये, म्हणूनच तर मेसेज मरत नाही. कॅथलॅबमधे, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या खोलीत, रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून डाय सोडली की कधीकधी ठोके एकदम मंदावतात, तेव्हा डॉक्टर आणि आम्ही सगळेच ओरडतो, "काका खोका, जोरात खोका!" आणि खोकून छातीतला दाब वाढतो, थोडं रक्त मेंदूकडे जातं, काका शुद्धीवर राहतात. १९७६ मधे यावर रिसर्च पेपरही आला होता, तोही कॅथलॅबमधल्याच पेशंटवर. पण तिथे मॉनिटर लावलेला असतो, सलाईनची लाईन टाकलेली असते, शॉकचं मशीन हाताशी असतं, आणि हे सगळं काही सेकंदांपुरतं. एक्सप्रेस-वेवर तुमच्या शेजारच्या सीटवर यातलं काय आहे?

मूळ इंग्रजी मेसेजमधे अमेरिकेतल्या रॉचेस्टर जनरल हॉस्पिटलचं नाव असतं, त्यांनी कधीच हात झटकलेत. अमेरिकन हार्ट असोसिएशनही लोकांना हे करायला सांगत नाही.

"हॉस्पिटलपर्यंत पोचाल" हे तर सगळ्यात डेंजर. गाडी चालवायचीच नाही, बाजूला घ्या, १०८ लावा. घरात एकटे असाल तर फोन झाला की दाराची कडी काढून ठेवा आणि बसून राहा, नाहीतर ॲम्ब्युलन्सवाले दार फोडत बसतात. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, कुठून रक्तस्राव होत नसेल तर ३०० मिलीग्रॅम चावून खा, अख्खी गिळू नका. १०८ वाल्यांना विचारूनच घेतलीत तर उत्तम. शेजाऱ्याची सॉर्बिट्रेट (छातीत दुखल्यावरची गोळी) मात्र उगाच जिभेखाली ठेवू नका, बीपी आधीच कमी असेल तर आणखी पडतं. आणि समोरचा कोसळला, हाका मारून हलत नाही, श्वास नीट नाही, तर कोणीतरी १०८ लावा आणि तुम्ही छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी ५-६ सेंटीमीटर दाबत राहा, मिनिटाला १०० ते १२० वेळा.

राहिलं "१० जणांना पाठवा". पाठवणाऱ्या मावशीला फोन करून हे सगळं सांगितलं तर म्हणते, "अगं पण खोकून तोटा तर नाही ना?"

आहे ना मावशी. कॅज्युअल्टीत आम्ही १० मिनिटांच्या आत ईसीजी काढतो आणि आल्या आल्या विचारतो की कळ किती वाजता सुरू झाली, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन जितकं लवकर तितकं हृदय वाचतं, १२ तासांनंतर त्याचा फारसा उपयोग नाही. मागच्या महिन्यात एक काका आले, कळ सुरू झाली रात्री साडेदहाला, केस पेपरवर ॲडमिशनची वेळ पावणेदोन. मधे काय केलंत विचारलं तर म्हणाले, सोडा प्यायलो, मग मेसेजमधे सांगितलं होतं तसं खोकलो, जरा बरं वाटलं म्हणून आडवा झालो.