मांडीचे दहा टक्के

माझा डावा पाय उजव्यापेक्षा दीड इंच आखूड आहे. हे मला कोण्या डॉक्टरनं सांगितलेलं नाही. मी शिंपी आहे. गेली तीस वर्षं स्वतःची पँट स्वतःच शिवतो आणि डावा पाय दीड इंच कमी कापतो. त्यातही माझी एक खास कारागिरी आहे. डाव्या खिशाला मी तळच ठेवत नाही. हात खिशात घातला की आतून थेट मांडीवर टेकतो आणि दर पावलाला पाय दाबून धरतो. बघणाऱ्याला वाटते, गडी खिशात हात घालून ऐटीत चालला. सुटे पैसे तेवढे उजव्या खिशात ठेवावे लागतात.

1974 साली, दोन वर्षांचा असताना मला ताप आला. तीन दिवसांनी ताप गेला, जाताना पाय घेऊन गेला. 'पायावरून वारं गेलं' असं गाव म्हणे. आई मात्र वाऱ्याला जुमानणारी नव्हती. आपल्या पोरानं पंगतीत पाय पसरून बसावं हे तिला मंजूर नव्हतं. रोज संध्याकाळी ओसरीवर बसवून तिनं मला मांडी शिकवली. आधी उजवा पाय दुमडायचा. मग डावा दोन्ही हातांनी उचलायचा आणि पिळलेलं धोतर दांडीवर टाकावं तसा उजव्यावर टाकायचा. लगेच सदरा सारखा करायचा, म्हणजे हातांनी काय केलं ते कोणाला कळत नाही. हे सगळं एका दमात जमायला मला दोन वर्षं लागली. गावातल्या कितीतरी लोकांना आजही माहीत नाही की माझी मांडी हातानं बसवलेली असते.

तर अशा माणसावर वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी आपलं लंगडणं सरकारला दाखवायची पाळी आली.

जुनं प्रमाणपत्र होतं माझ्याकडे. 1998 च्या शिबिरातलं, हातानं लिहिलेलं: 'अपंगत्व 45 टक्के, कायमस्वरूपी'. लॅमिनेशन केलेलं, लग्नाच्या फोटोपेक्षा जास्त जपलेलं. एक दिवस एसटीत कंडक्टर म्हणाला, "भाऊ, हे आता नाही चालत. यूडीआयडी कार्ड दाखवा, दिव्यांगांचं नवं ओळखपत्र." पंचाहत्तर टक्के सवलतीची सवय असलेला मी, त्या दिवशी पूर्ण तिकीट काढलं आणि खिडकीतून लोकांच्या पऱ्हाटीकडे बघत बसलो. रेडीमेड गणवेशांनी धंदा खाल्ल्यापासून घरातूनही तगादा होताच, की संजय गांधी निराधार योजनेच्या पगाराचा फॉर्म भरा. ऑक्टोबर 2025 पासून त्यात दिव्यांगांना महिन्याला 1500 चे 2500 झाले, ही बातमी आमच्या हिला माझ्याआधी कळली होती.

सेतू केंद्रातल्या पोट्ट्यानं पोर्टल उघडून 'प्रकार कोणता' म्हणून यादी समोर धरली. 1995 च्या कायद्यात सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यानं एकवीस केले. तो हॉटेलातल्या पाटीसारखी यादी वाचत खाली सरकवत गेला. चलनवलनाशी येऊन थांबला. "काकाजी, हे टाकू?"

"टाक. चलनाचीच तर टंचाई आहे बाबू."

तो हसला नाही. ओटीपी मागितला.

टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाची तारीख आली तसा आमच्या अंगणात कोचिंग क्लास सुरू झाला. सर म्हणजे शेजारचे काकाजी. त्यांना स्वतःला काही झालेलं नाही, पण अभ्यास दांडगा. "भाऊ, हे खिशात हात घालून हिरोवानी चालनं तिथं नाही पायजे. भित धरून चाला. दोन पावलं टाकली की थांबा. तोंडावर दुखनं दिसलं पायजे!" मग त्यांनी लंगडून दाखवलं. इतके सुरेख लंगडले, की मीच हात द्यायला उठलो. मी दोन दिवस तालीम केली, पण जमेना. पन्नास वर्षं न लंगडण्याचं नाटक वठवलेल्या माणसाला लंगडण्याचं नाटक एकदम कसं येणार? शेवटी काकाजी कंटाळले. "तुमच्याच्यानं होत नाही. तुमी खरेच लंगडे आहा न, म्हनून."

दवाखान्यात सकाळी सातला पोचलो तेव्हा नंबर अठ्ठेचाळीस. लिफ्टला दोरी बांधलेली, बोर्ड पहिल्या मजल्यावर. त्यावर मी काही बोलणार नाही, सगळे बोलतात. रांगेत माझ्यापुढं एक वीसेक वर्षांची मुलगी होती, सिकलसेलची. हातपाय धड, चेहरा शांत. मागची एक बाई दुसरीला म्हणाली, "इले काय झालं? चांगली तर दिसते." मुलीनं ऐकलं, पण मान वळवली नाही. हातातली फाईल तेवढी छातीशी धरली. भिंत धरून चालायचा सल्ला तिला काय कामाचा? दुखणं रक्तात. मला वाटलं, आपलं बरं आहे, निदान टेपनं मोजता तरी येते.

आत गेलो. तरुण डॉक्टरांनी पायावरची पँट वर केली आणि एकदम म्हणाले, "पोलिओ? खरा पोलिओ?" घराच्या पायव्यात मोहोरांचा हंडा सापडावा तसा त्यांचा चेहरा झाला. त्यांचंही खरं आहे. देशातला शेवटचा रुग्ण 2011 साली सापडला, 2014 साली पोलिओ गेल्याचं जाहीर झालं. हे डॉक्टर तेव्हा शाळेत असतील. त्यांनी शेजारच्या खोलीतून शिकणारी सहा पोरंपोरी बोलावली. सगळ्यांनी माझी पोटरी दाबून पाहिली. एकीनं फोटो काढू का विचारलं. मी सदरा सारखा केला. आयुष्यात पहिल्यांदा त्या पायाचं कोणी कौतुक करत होतं आणि मी, खोटं कशाला सांगू, जरा फुललो.

मग टेप आली. टेप ही माझी जागा. डॉक्टरांनी कमरेच्या हाडापासून घोट्याच्या हाडापर्यंत मापं घेतली आणि म्हणाले, "फरक एक इंच."

"दीड."

"एक आहे."

"साहेब, टेप घोट्याजवळ ढिली धरली तुम्ही. मी पँट शिवतो."

पहिला अर्धा इंच सरकार धरतच नाही, त्यापुढं दर अर्ध्या इंचाला चार टक्के, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर टेप त्यांच्या हातातून घेतली असती. मी एका पँटीचे चारशे रुपये घेऊन गिऱ्हाइकाचा अर्धा इंच सोडत नाही, आणि इथं त्यांनी माझा बोलता बोलता सोडला.

पुढं एका यंत्रानं गुडघा किती अंशात वाकतो ते पाहिलं. आमच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाचा थोरला भाऊ. मग एकेक कसरत. सपाटीवर चाला, वळा, एका पायावर उभे राहा, उकिडवे बसा. जे जमणार नाही त्याला दहा गुण. शाळेच्या उलट: नापास झालं की मार्क मिळतात. मी बऱ्यापैकी नापास होत चाललो होतो. ही दाराशी उभी राहून समाधानानं बघत होती.

"मांडी घालून बसा."

काय सांगू! शब्द कानावर पडला आणि समोर आई दिसली, ओसरी दिसली, बुंदीचा घमेला दिसला. उजवा दुमडला, डावा उचलला, टाकला, सदरा सारखा. एका दमात! वर डॉक्टरांकडे बघून हसलो सुद्धा. डॉक्टर कागदावर बघत होते. त्यांनी मान वर केली तेव्हा समोर एक माणूस झकास मांडी घालून बसलेला. दारातून हिचा आवाज आला, "अवो!" पण उशीर झाला होता.

निकाल लागला 38. पिवळ्या पट्ट्याच्या कार्डासाठी आणि बाकी सगळ्यासाठी 40 लागतात. त्याखाली कार्ड मिळते, पांढऱ्या पट्ट्याचं, जपून ठेवायला. अपंग होतो तोवर पंचेचाळीस टक्के होतो, दिव्यांग झालो तर अडतीस राहिलो. मी दवाखान्यातल्या बाबूला विचारलं, कशाचे किती? तो भला माणूस, त्यानं दाखवलं: कसरतींचे 30, बाकी मोजमापांचे 12.

"मग झाले न बेचाळीस!"

"बेरीज नाही करायची काका. सूत्र आहे." त्यानं पावतीच्या पाठीमागं मांडून दिलं. नव्वदातून मोठा आकडा वजा करायचा, त्याला लहान आकड्यानं गुणायचं, नव्वदानं भागायचं, मग ते मोठ्यात मिळवायचं. नव्वद वजा तीस साठ, साठ गुणिले बारा सातशेवीस, भागिले नव्वद आठ. तीस आणि आठ अडतीस. हिशेब चोख होता. परतीच्या एसटीत मी तोच कागद उलटसुलट करत बसलो. मांडीचे दहा मिळाले असते तर तिसाचे चाळीस झाले असते. पुन्हा सूत्र लावलं. सत्तेचाळीसला जरा कमी. म्हणजे 1998 च्या शिबिरवाल्यानं हे सूत्र न लावताही जवळपास तेच लिहिलं होतं.

ही तालुका येईपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "तुमाले काय गरज होती मांडी घालाची? दवाखान्यात काय पंगत बसली होती?" आणि थोड्या वेळानं, "दहा टक्क्याचे महिन्याले अडीच हजार. तुमच्या मायनं लयच महागाची मांडी शिकवली."

नव्वद दिवसांत अपील करता येते. केलं. दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात, दुसरा बोर्ड. या खेपेला एक वयस्क डॉक्टरबाई होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर. पाय बघून त्यांनी कोणाला बोलावलं नाही. "किती साली?" एवढंच विचारलं. टेप घेतली, घोट्याजवळ ताणून धरली. दीड. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

"मांडी घाला."

मी हिच्याकडे बघितलं. ही छताच्या पंख्याकडे बघत होती. काकाजींचा सगळा अभ्यासक्रम डोळ्यांपुढून गेला. नाही येत म्हणावं? पण जी गोष्ट शिकवायला आईनं दोन वर्षं घातली ती येत नाही असं तोंडानं म्हणवेना. म्हणालो, "येते बाई. पण हातानं उचलून ठेवावा लागते."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "हातानं उचलून ठेवता ना? म्हणजे येत नाही," असं म्हणून त्यांनी कागदावर खूण केली.

मी तोंड उघडलं. हिनं मागून चिमटा काढला. मी मिटलं.

पंचेचाळीसच्या वर आकडा आला. आता फाईल तहसीलमध्ये आहे. तिथं पाय कोणी बघत नाही, तिथं उत्पन्न बघतात. दिव्यांगाच्या घरचं उत्पन्न वर्षाला 50 हजारांच्या आत हवं. चारशे रुपये शिलाईनं मी महिन्याला दहा पँटी शिवल्या तर अठ्ठेचाळीस हजार, म्हणजे गरीब. अकरावी शिवली की गेलो. तलाठीभाऊंनी दुकानात टांगलेल्या पँटी मोजल्या तेव्हा त्यातल्या दोन माझ्या स्वतःच्या आहेत हे मी डावा पाय मोजून सिद्ध केलं. मंजूर झालं तर दरवर्षी मार्चअखेरपर्यंत हयातीचा दाखला द्यायचा आहे. त्यात टक्के नसतात, असं तहसीलचा बाबू म्हणाला.

परवा गावात लग्न होतं. मांडवात पंगत बसली, वांग्याची भाजी, वरण, बुंदी, मठ्ठा. मीही बसलो: उजवा दुमडला, डावा उचलला, सदरा सारखा. समोरच्या रांगेत काकाजी होते. त्यांनी पोळी मोडता मोडता मला डोक्यापासून मांडीपर्यंत न्याहाळलं, आणि अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "काऊन भाऊ, पंचेचाळीस टक्के न तुमचे?"

वाढपी आमच्या रांगेत आला होता. मी त्याला वरण आणखी वाढायला सांगितलं.