हिरडी काळी म्हणजे रक्त नासलं? त्या मेसेजला उत्तर

सांगली, तासगाव, विट्याकडच्या घरोघरीच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'तोंडात काळा डाग म्हणजे रक्त नासलंय, ही कॅन्सरची पहिली खूण. हळद-मीठ लिंबात कालवून आठ दिवस चोळा. दाढेत भरलेली चांदी काढून टाका. डाग दुखत नसेल तर डॉक्टरकडे जायची गरज नाही.' मी दातांचा डॉक्टर आहे. हा मेसेज दाखवत घाबरून आलेली माणसं बघतो, म्हणून एकेक दावा तपासतो.

रक्ताचा इथे संबंध नाही. कातडीला रंग देणारं मेलॅनिन हिरडीतही असतं. लहानपणापासून, दोन्ही बाजूंना सारखा दिसणारा तपकिरी-काळा पट्टा हा सावळ्या माणसाचा नैसर्गिक रंग आहे. जिभेच्या टोकावरचे बारीक काळे ठिपकेही बहुतेक वेळा तसेच. त्यावरून एखाद्या पोरीला 'काळ्या जिभेची' म्हणून हिणवतात, त्याचा मला संताप येतो.

आता कॅन्सर. काळ्या डागासारखा दिसणारा मेलॅनोमा, म्हणजे रंग बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर, तोंडात फार क्वचित आढळतो. तो बहुधा टाळूवर किंवा वरच्या हिरडीवर येतो. डाग नवा असेल, पसरत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, रक्त येत असेल, तर तो लगेच दाखवायचा. पण आपल्याकडचा तोंडाचा कॅन्सर मुख्यतः तंबाखू, मशेरी, गुटखा, माव्याचा, आणि त्याची सुरुवात बहुधा पांढऱ्या किंवा लाल चट्ट्याने, नाहीतर न भरणाऱ्या जखमेने होते. एक मावशी काळ्या हिरड्या दाखवायला आल्या. हिरड्या जन्मापासून तशाच होत्या. खालचा ओठ ओढून पाहिला, तर जिथे रोज मशेरीचं बोट फिरायचं, तिथे पांढरा, सुरकुतलेला, खरखरीत चट्टा. त्याबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती. हा मेसेज लोकांना काळ्याची भीती घालतो आणि पांढऱ्याकडे कानाडोळा करायला लावतो, हे त्याचं खरं नुकसान.

नव्याने आलेल्या काळेपणाला इतरही कारणं असतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या पुढच्या हिरड्या काळवंडतात; सोडल्यावर हळूहळू, कधी वर्षं लागून, रंग उतरतो. सांधेवातासाठी देतात त्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विनने टाळू निळसर-काळा होऊ शकतो. म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. डागांसोबत तळहाताच्या रेषा काळ्या पडल्या, वजन घटलं, उठताना चक्कर येते, खारट खावंसं वाटतं, तर किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथी मंदावल्या असतील. हा ॲडिसनचा आजार. त्यामागे आपल्या देशात टीबीही असू शकतो. लहान मुलाच्या ओठांवर आणि गालाच्या आत ठिपके असून पोट वारंवार दुखत असेल, तर आतड्यात गाठी नाहीत ना, हे बघावं लागतं.

दाढेत भरतात ती चांदी पारा मिसळलेली असते. भरताना कधीकधी तिचे कण हिरडीत रुततात आणि करडा-निळसर डाग राहतो. त्याने अपाय होत नाही. भरलेली चांदी काढली तरी डाग तिथेच राहतो, उलट ती कोरताना पाऱ्याची वाफ जास्त सुटते.

हळद सांगलीची, तिचं मला कौतुकच आहे. पण मेलॅनिन आतल्या थरात असतं, चोळून निघत नाही. लिंबाने दाताचं वरचं कवच झिजतं, मिठाने हिरडी सोलवटते. भाजल्यावर वर पांढरी साय धरते आणि माणसाला वाटतं, डाग चालला.

'दुखत नसेल तर जाऊ नका' हे वाक्य सगळ्यात घातक. सुरुवातीचा कॅन्सर बहुतेक वेळा दुखतच नाही. दिवसाउजेडी आरशासमोर ओठ, गाल, जिभेखालची जागा, टाळू बघा. डागाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कुठलाही चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही, तर सांगलीच्या सिव्हिलला किंवा मिरजेच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. तुकडा काढून तपासायचं म्हटलं, तर 'कात्री लागली की पसरतो' या भीतीने माघारी फिरू नका. तपासणीने कॅन्सर पसरत नाही, उशिराने पसरतो.