बियाण्याचं सोयाबीन दळून खाऊ नका, बाकीचं नंतर बोलू

'३०० रुपयांत एका माणसाचा आठवडा' हा मेसेज धुळे-जळगावच्या ग्रुपांवर फिरत फिरत घरच्या ग्रुपात आला आणि मामींनी दळणाचा डबा काढलासुद्धा. मेसेज म्हणतो: डाळ बंद करा, ५ किलो गव्हात २ किलो सोयाबीन दळा, पेरणीतून उरलेली पिशवी असेल तर फुकटच. कढईतलं तेल आठवडाभर तेच चालवा. भाजीऐवजी ठेचा खा. धान्य तर रेशनवर फुकट आहेच.

आधी ती उरलेली पिशवी. बियाण्याला थायरमसारखं बुरशीनाशक चोळलेलं असतं, कधी सोबत कीटकनाशकही. तो लाल-गुलाबी रंग शोभेचा नाही. १९६८ च्या बियाणे नियमांप्रमाणे अशा पिशवीवर 'खाण्यासाठी, चाऱ्यासाठी, तेलासाठी वापरू नये' अशी सूचना असावी लागते. पिशवी फिरवून वाचा की! धुतल्यावर रंग जाईल, औषध जाईल याचा भरवसा नाही. गुरांपुढेही टाकू नका.

आता बाजारातलं, खायचं सोयाबीन. त्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं असतात, तुरीच्या डाळीत साधारण २२, एवढं मेसेजवाल्याचं खरं. पण कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला, म्हणजे प्रथिनं पचवणाऱ्या पाचकरसाला, रोखणारं द्रव्य असतं. ते असलं की प्रथिनं नीट पचत नाहीत, पोट फुगतं, पोरांना जुलाब होतात. तव्यावर दोन मिनिटं भाजल्या जाणाऱ्या पोळीत ते पुरतं मरत नाही. दाणे नुसते कोरडे भाजले तर वरून करपतात, आत कच्चेच राहतात.

करायचंच तर असं करा. १ किलो दाण्यांना ३ लिटर पाणी खळखळ उकळा, दाणे उकळत्या पाण्यातच टाका आणि पुन्हा उकळी फुटल्यापासून २५ मिनिटं शिजवा. पाणी फेकून द्या. कडक उन्हात दाताखाली कटकन फुटेपर्यंत वाळवा. ओल राहिली तर गिरणीवाला वैतागतो आणि पिठाला बुरस येतो. प्रमाण ९ किलो गव्हाला १ किलो. ५ ला २ घातलं की पोळी तुटते, वर तो हिरवट वास. दळण दहा दिवसांपुरतंच, कारण सोयाबीनमध्ये तेल बरंच असतं, पीठ खवट होतं.

दिवसाला असं ३०० ग्रॅम पीठ पोटात गेलं, तर सोयाबीनची १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात, म्हणजे ५५ ग्रॅम तूरडाळीइतकी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं २०२४ चं ताट, म्हणजे दिवसभराच्या आहाराचा नमुना, २००० कॅलरीच्या माणसाला रोज ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य सांगतं. तेव्हा डाळ निम्मी करता येईल, बंद नाही. आणि सोयाबीनची एवढी यातायात नको असेल तर आपली कळण्याची भाकरी आहेच: ३ किलो ज्वारीला १ किलो सालासकट उडीद. ३०० ग्रॅम पिठात ७५ ग्रॅम उडीद येतो.

तेलाचं काय बोलणार? तळून काळं पडलेलं, फेसाळणारं तेल फेकायचं असतं. त्याच ताटात तेल-तूप दिवसाला २७ ग्रॅम आहे, आठवड्याचं २०० ग्रॅमच्या आतच. तळण सोडलं की तेवढ्यात फोडण्या निघतात.

ठेचा भाजी नव्हे. पावसाळ्यात घोळ, तांदुळका बांधावर फुकट मिळतो, फक्त तणनाशक मारलेल्या शेतातला खुडू नका.

राहिलं रेशन. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, म्हणजे दिवसाला १६५ ग्रॅमच्या आसपास. वरच्या ताटात धान्यच २५० ग्रॅम आहे, आणि ते ताट कापूस वेचणाऱ्या बाईचं नाही, तिला जास्त लागतं. उरलेलं धान्य, दादर ज्वारी म्हणा की बाजरी, विकतच आणावं लागतं. ३०० च्या हिशेबात त्या धान्याचा एक रुपयाही धरलेला नाही.