'स्लॅप शॉट' आवडतो ना, मग नॅन्सी डाउडचं नाव घ्या

परवा 'स्लॅप शॉट' परत बघितला. आइस हॉकीवरचा १९७७ चा कॉमेडी पिक्चर, पॉल न्यूमन हिरो, डायरेक्टर जॉर्ज रॉय हिल. ह्याचा विषय निघाला की लोक त्या तीन हॅन्सन भावांबद्दलच भरभरून बोलतात, जाड काळ्या फ्रेमचे चष्मे, हॉटेलच्या खोलीत खेळण्यातल्या गाड्या, मॅचच्या आधी हाताला गुंडाळलेली फॉइल. बोलावंच, तिघंही खरेखुरे हॉकी प्लेयर होते. पण ज्या बाईने हे सगळं लिहिलं त्या नॅन्सी डाउडचं नाव फारसं कुणी घेत नाही, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

तिचा भाऊ नेड, पेनसिल्व्हेनियात जॉन्सटाउन म्हणून स्टीलच्या कारखान्यांचं गाव आहे तिथल्या जेट्स टीमकडून खेळायचा. मायनर लीग, म्हणजे खालच्या पातळीची स्पर्धा, पैसा कमी, बसने लांबलांबचा प्रवास. एकदा त्याने बहिणीला फोन केला की आमची टीम विकायला काढलीये, तिने विचारलं मालक कोण, तर ह्याला माहितीच नाही! रोज मार खाऊन खेळायचं आणि कुणासाठी तेच ठाऊक नाही. तिला स्टोरी सापडली ती इथे. पिक्चरमध्ये न्यूमनचा रेजी डनलॉप, टीमचा प्लेयर-कोच, हेच विचारत फिरतो, आणि शेवटी ती मालकीण भेटते तेव्हा घरात बसून शांतपणे सांगते की टॅक्सच्या हिशोबाने टीम बंद केलेली बरी. सगळ्या मारामाऱ्या एकीकडे आणि हा सीन एकीकडे, मला तरी तोच लागतो.

नॅन्सी स्वतः जॉन्सटाउनला जाऊन राहिली, आणि जिथे तिला जाता येत नव्हतं तिथे, म्हणजे ड्रेसिंग रूममध्ये, बसमध्ये, नेड टेपरेकॉर्डर घेऊन बसायचा. पोरं जशी बोलायची तसंच कागदावर आलं, शिव्यांसकट. आणि गाजावाजा कशाचा झाला, तर बाईने एवढ्या शिव्या लिहिल्या ह्याचा! अरे तिने ऐकलं किती नीट ते बघा ना.

हॅन्सन म्हणजे मुळात जेट्सचे तीन कार्लसन भाऊ. त्यातल्या जॅकला ऐनवेळी एडमंटनच्या टीमने वरच्या लीगमध्ये बोलावून घेतलं, म्हणून त्याच्या जागी डेव्ह हॅन्सन उभा राहिला, ज्याचं आडनाव स्क्रिप्टमधल्या भावांना आधीच दिलेलं होतं. नेडनेही छोटा रोल केलाय, भल्यामोठ्या केसांचा तो ओगी ओगलथॉर्प म्हणजे तोच. शूटिंगसुद्धा जॉन्सटाउनलाच, जेट्सच्याच रिंकवर.

पिक्चर आला त्याच वर्षी गावात मोठा पूर आला आणि जेट्स खरंच बंद पडली. पुढे १९८८ मध्ये तिथे नवीन टीम उभी राहिली तेव्हा तिचं नाव ठेवलं चीफ्स, पिक्चरमधल्या टीमचं. नॅन्सीच्या स्क्रिप्टमधलं नाव गावातल्या खऱ्या टीमच्या जर्सीवर आलं.