‘घरून काम म्हणजे मालकाचा तोटा’ : एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच संदेश मला तीन व्हॉट्सअ‍ॅप गटांवर आला, आणि त्यांतला एक गट तर आमच्या ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधील लहान व्यावसायिकांचाच आहे. संदेशाचा आशय असा : घरी बसलेला माणूस काम करत नाही; जागेचे भाडे तसेही भरावेच लागते, म्हणून बचत शून्य; नवी मुले घरी बसून काही शिकत नाहीत; ग्राहकांची माहिती बाहेर फुटते; आणि मोठ्या कंपन्यांनी लोकांना परत बोलावले, यातच सगळे आले. मी चौदा माणसांचे कार्यालय चालवतो. आम्ही इतरांचे हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे आणि पगारपत्रके करून देतो, आणि २०२२पासून आमच्याकडे आठवड्यातले दोन दिवस घरून काम करण्याची मुभा आहे. त्यामुळे गप्प बसवत नाही. मात्र पाचांपैकी एका मुद्द्यावर मी संदेश लिहिणाऱ्याच्याच बाजूचा आहे, हे आधीच सांगतो.

घरी माणूस काम करत नाही, असे म्हणणाऱ्याला कार्यालयात तो काम करतो हे कशावरून कळते? बहुतेक वेळा खुर्ची भरलेली दिसते, एवढ्यावरून. आमच्या धंद्यात ही सोय नाही. ७ तारखेला टीडीएसचा, म्हणजे उगमस्थानी कापलेल्या कराचा, भरणा, ११ला विक्रीचे विवरणपत्र जीएसटीआर-१, १५ला भविष्य निर्वाह निधी, २०ला जीएसटीचे सारांश विवरणपत्र जीएसटीआर-३बी. तारीख चुकली की विलंब शुल्क किंवा व्याज लागते आणि ग्राहकाचा फोन येतो, मग माणूस टेबलाशी किती तास बसला होता याला काही अर्थ उरत नाही. अभ्यासांचे म्हणाल, तर स्टॅनफर्ड विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शांघायच्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने केलेला प्रयोग २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातले चार दिवस घरून काम करणाऱ्यांची कामगिरी त्यात १३ टक्क्यांनी वाढली. या १३पैकी सुमारे ९ टक्के वाढ निव्वळ अधिक मिनिटे काम झाल्यामुळे, म्हणजे मधल्या सुट्ट्या आणि आजारपणाच्या रजा घटल्यामुळे, झाली होती. घरी माणूस झोपा काढतो या समजुतीच्या नेमके उलट हे आहे.

पण याच विषयावर चेन्नईत डेटा एंट्री करणाऱ्यांवर झालेला प्रयोगही आहे, आणि त्यात घरून काम करणाऱ्यांची उत्पादकता कार्यालयात बसणाऱ्यांपेक्षा १८ टक्के कमी भरली. संदेश लिहिणाऱ्याला हा अभ्यास ठाऊक असता, तर त्याची बाजू पुष्कळ भक्कम झाली असती. काम कोणते आणि घर कसले, यावर निकाल फिरतो, असे मला यातून दिसते. आमच्याकडचा एक मुलगा कळव्याला वन रूम किचनमध्ये पाच माणसांत राहतो. त्याने ही मुभा पहिल्याच आठवड्यात परत केली, आणि ती त्याने घ्यावीच असा आग्रह आम्हीही धरला नाही.

भाड्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. लीव्ह अँड लायसन्सचा करार चालू असेपर्यंत भाडे एक रुपयाने कमी होत नाही. मात्र आम्ही दहाचे चौदा झालो तेव्हा शेजारचा गाळा घ्यावा लागला नाही. दहा टेबले पाळीने पुरतात. यातला काही भार कर्मचाऱ्याच्या घरच्या वीजबिलावर जातो, म्हणून आम्ही इंटरनेट आणि विजेपोटी दरमहा भत्ता देतो, आणि तो वजा केल्यावर उरते तेवढीच बचत धरतो.

खरा लाभ या हिशेबात सापडतच नाही, आणि संदेशात त्याचा उल्लेखही नाही. तो आहे राजीनाम्यांचा. २०२२च्या सुरुवातीला आमच्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी राजीनामा आणून दिला. बदलापूरच्या घरापासून आमच्या टेबलापर्यंत त्यांचे एका बाजूचे पावणेदोन तास जात होते. कोणता ग्राहक बँकेचे स्टेटमेंट महिनाअखेरीलाच पाठवतो, कोणाच्या बिलांत वाहतूक खर्च मालाच्या किमतीतच धरलेला असतो, हे त्यांना तोंडपाठ होते आणि कुठेही लिहिलेले नव्हते. नवा माणूस तिथवर यायला सहा महिने लागले असते. दोन दिवस घरून काम करू का, एवढेच त्यांनी विचारले, आणि आमची ही पद्धत तिथून सुरू झाली. त्या अजून आमच्याकडे आहेत. सीट्रिपचीच मूळ कंपनी असलेल्या ट्रिप डॉट कॉममध्ये १,६१२ कर्मचाऱ्यांवर झालेल्या आणि २०२४मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासातही हेच दिसते : दोन दिवस घरून काम दिलेल्यांत नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले, आणि कामाच्या मूल्यमापनात वा बढत्यांत फरक पडला नाही. प्रयोगापूर्वी तिथल्या व्यवस्थापकांचा सरासरी अंदाज उत्पादकता २.६ टक्क्यांनी घसरेल असा होता. नंतर त्यांनीच ती १ टक्क्याने वाढल्याचे मत दिले.

नव्या मुलांबाबत मात्र संदेशाचे म्हणणे मला मान्य आहे. कार्यालयात नव्या मुलाच्या हाती एखादे अडचणीचे बिल आले, की तो मान वर करून ‘हे कुठल्या खात्यात टाकू?’ असे विचारतो आणि अर्ध्या मिनिटात मोकळा होतो. घरी तोच मुलगा संदेश टाइप करतो, सरांना त्रास नको म्हणून खोडतो आणि रक्कम सस्पेन्स, म्हणजे निर्णय न झालेल्या नोंदींच्या तात्पुरत्या, खात्यात टाकून पुढे जातो. महिनाअखेरीला ते खाते उघडले की पन्नास-साठ नोंदी रांगेने उभ्या असतात. चेन्नईच्या प्रयोगातही त्या १८ टक्क्यांतला दोन तृतीयांश फरक पहिल्याच दिवसापासून दिसत होता, तर उरलेला कार्यालयातले लोक अधिक वेगाने शिकल्यामुळे पडला होता. म्हणून आमच्याकडे पहिले सहा महिने सर्व दिवस कार्यालयात यावे लागते, आणि जुन्यांचेही घरचे दिवस पाळीने ठरतात, सगळे एकाच दिवशी घरी नसतात. नाहीतर नवा मुलगा यायचा आणि रिकाम्या टेबलांकडे बघत बसायचा.

माहिती फुटण्याची भीती खरी, पण तिचा पत्ता चुकला आहे. आमच्याकडे एका ग्राहकाचे पगारपत्रक चुकीच्या माणसाच्या हाती लागले ते झेरॉक्स यंत्राच्या झाकणाखाली विसरल्यामुळे, आणि ते यंत्र कार्यालयातच होते. घरून काम करणारे आमच्या सर्व्हरवर लांबून काम करतात, फाइल त्यांच्या संगणकावर उतरत नाही, आणि डिजिटल सहीचे डोंगल (संगणकाला लावायच्या छोट्या यूएसबी किल्ल्या) कुलूपबंद खणातून बाहेर जात नाहीत. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातील २५० कोटी रुपयांपर्यंतचा दंड पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल आहे. काम कोणत्या छताखाली झाले, याबद्दल नाही.

राहिल्या मोठ्या कंपन्या. टीसीएसने ऑक्टोबर २०२३पासून आणि अ‍ॅमेझॉनने जानेवारी २०२५पासून पाचही दिवस बोलावले, हे खरेच आहे. पण नवी मुंबईत ऐरोलीला आहे तशा विशेष आर्थिक क्षेत्रात, म्हणजे सरकारी सवलतींच्या क्षेत्रात, कार्यालय असलेल्या कंपन्यांना घरून कामासाठी वेगळे नियम पाळावे लागतात. जुलै २०२२मध्ये आलेला ४३ए हा त्यांच्यासाठीचा नियम तर सुरुवातीला निम्म्याच कर्मचाऱ्यांपुरता होता. हजारो माणसांच्या आणि स्वतःच्या संकुलांच्या हिशेबातून झालेला निर्णय चौदा जणांच्या गाळ्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

आम्हाला उपयोगी पडलेला दिवस वेगळाच आहे. ३१ मे २०२४ला ठाणे स्थानकातील फलाट ५ रुंद करण्यासाठी ६३ तासांचा ब्लॉक सुरू झाला आणि मध्य रेल्वेनेच घरून काम करू देण्याचे आवाहन केले. चौथ्या तिमाहीच्या टीडीएस विवरणपत्रांची शेवटची तारीखही तीच होती. त्या शुक्रवारी नऊ जण आपापल्या घरून कामाला होते, आणि डोंगल लावायला किसननगरहून चालत येणारी एक सहकारी कार्यालयात होती. शेवटचे विवरणपत्र साडेचारला भरून झाले.