बारा लाखांचा एस्टिमेटर: एका फॉरवर्डला उत्तर

सिव्हिल इंजिनिअरिंगचे निकाल लागले की मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे, मजकूर तोच: ‘साइटवर उन्हात मरू नका. तीन महिन्यांचा क्वांटिटी सर्व्हेइंग आणि एस्टिमेशनचा ऑनलाइन कोर्स करा. सुरुवातीलाच 12 लाखांचं पॅकेज, एसी ऑफिस, सगळं काम सॉफ्टवेअर करतं. दर दोन वर्षांनी कंपनी बदला, पगार दुप्पट. नाहीतर थेट दुबई. अमेरिकेत याच कामाचे 70 हजार डॉलर मिळतात.’ खाली लिंक आणि ‘शेवटच्या 5 जागा’. त्या पाच जागा कधीच भरत नाहीत, ते सोडा.

एस्टिमेशनमध्ये, म्हणजे बांधकामाला किती माल-मजुरी लागेल ते मोजून खर्चाचा अंदाज काढण्याच्या कामात, पुढे चांगला पैसा आहे, हे खरंच. पण तो कधी आणि कशामुळे मिळतो, याबद्दल हा मेसेज जवळपास ओळीगणिक चुकीचं सांगतो.

‘सुरुवातीलाच 12 लाख.’ पुण्या-मुंबईत नवीन डिप्लोमा किंवा बीई सिव्हिलला छोटे-मध्यम कंत्राटदार आणि बिल्डर महिना साधारण 15 ते 25 हजारांवर घेतात. मोठ्या कंपन्या कॅम्पसमधून घेतात तेव्हा आकडा बरा असतो, पण तो कॉलेज आणि मुलाखतीच्या जोरावर. तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटवर नव्हे. शिवाय पॅकेज म्हणजे हातातला पगार नाही. त्यात कंपनीचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटी, विमा, कधी ‘व्हेरिएबल’ (कामगिरीवर अवलंबून असलेला भाग) ही मोजलेला असतो. मुलाखतीत दोन गोष्टी सरळ विचारा: हातात किती आणि कोणत्या तारखेला. दुसरा प्रश्न विचारायला लाजू नका. कंत्राटदाराचं आरए बिल (चालू कामाचं टप्प्याटप्प्यानं मिळणारं बिल) अडकलं की ऑफिसचे पगारही अडकतात.

नवख्याला कमी का देतात? पहिली दोन-तीन वर्षं तो क्वांटिटी म्हणजे मापं काढत असतो, रेट म्हणजे प्रत्येक कामाचा दर लावत नसतो. ड्रॉइंगवरून मोजमापं, बीबीएस (सळयांच्या मापांचा तक्ता), सबकॉन्ट्रॅक्टरची बिलं तपासणं, तीन व्हेंडरांच्या कोटेशनचा तक्ता. यातली चूक वरचा माणूस बहुधा पकडतो. रेटमधली चूक कळते तेव्हा टेंडर भरून, काम मिळून, पाया खणून झालेला असतो. 10 कोटींच्या कामात रेट सरासरी 5 टक्क्यांनी कमी पडले तर 50 लाख गेले, आणि कित्येकदा अख्ख्या कामात नफाच तेवढा धरलेला असतो. तुम्ही काढलेल्या रेटवर मालक डोळे झाकून सही करायला लागला की पगार चढतो. त्याआधी कितीही सर्टिफिकेटं आणा.

‘साइटवर उन्हात मरू नका’, म्हणजे साइटवर जायची ‘गरज नाही’. या ओळीनं मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. शटरिंगचा, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याचा, रेट घ्या. हिशोबापुरता 8 बाय 4 फुटांचा प्लाय 1800 रुपयांना धरू. शीट 2.97 चौरस मीटरची, म्हणजे चौरस मीटरला साधारण 606 रुपये. ती आठ वेळा वापरता आली तर प्लायचा खर्च मीटरला 76 रुपये, पाचच वेळा वापरली गेली तर 121. वीस हजार चौरस मीटर शटरिंगवर हा फरक नऊ लाखांचा. आता आठ धरायचे की पाच? ड्रॉइंगमध्ये ते लिहिलेलं नसतं. मजल्यामागून मजला सारखा आहे का, कडेला किती कापाकापी होणार, तेल नीट लावतात की नाही, मजुरांची गँग शटरिंग खोलताना पहारीनं उचकटते की जपून काढते, यावर ते ठरतं, आणि हे साइटवर उभं राहूनच कळतं. काँक्रीटचा पंप कुठपर्यंत पोचतो, माती किती लांब टाकायला न्यावी लागते, पावसाळ्यात मजुरांची गँग गावी गेली की काय होतं, हे सगळं याच खात्यातलं. ज्यांना मी रेट लावायला बसवलं, त्यांतल्या बहुतेकांनी आधी एक-दोन वर्षं साइटवर बिलिंग केलेलं होतं. चिखल तुडवल्याशिवाय कोणी येऊच नये असं नाही, पण ‘गरज नाही’ म्हणणं ही फसवणूक आहे.

‘सगळं काम सॉफ्टवेअर करतं.’ मोजमाप करतं, आणि चांगलं करतं. पण कोणत्या नियमानं मोजायचं हे सांगावं लागतं. आपल्याकडे मोजमापाचे नियम आयएस 1200 या भारतीय मानकात आहेत. दोन्ही बाजूंना सारखंच प्लास्टर असेल तर अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची (दार, खिडकी) वजावट करायचीच नाही; अर्धा ते तीन चौरस मीटरला एकाच बाजूची करायची, जांबचं (उघड्या जागेच्या आतल्या कडांचं) प्लास्टर वेगळं धरायचं नाही; तीनच्या वर गेली की दोन्ही बाजूंची वजावट आणि जांब वेगळे मोजायचे. 1.2 बाय 1.5 मीटरची खिडकी 1.8 चौरस मीटरची, म्हणजे वजावट एकाच बाजूची. रेव्हिट या सॉफ्टवेअरच्या मॉडेलमधून भिंतीचं नेट (खिडक्या वजा केलेलं) क्षेत्रफळ उचलून दोननं गुणणारा मुलगा दर खिडकीमागे 1.8 चौरस मीटर कमी दाखवतो. अशा दोनशे खिडक्या असल्या की 360 चौरस मीटर प्लास्टर नियमानं धरायचं असूनही बिलात येत नाही. सॉफ्टवेअर जरूर शिका. पण सीपीडब्ल्यूडीचं (केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याचं) दर विश्लेषण आधी उघडा. माल, मजुरी आणि त्यावर 15 टक्के नफा-ओव्हरहेड असं बाबवार उकलून दिलेलं आहे. वेबसाइटवर फुकट मिळतं. कोर्सवाले बहुधा तेच शिकवतात.

अमेरिकेचे 70 हजार डॉलर. आकडा खोटा नाही. तिथल्या कामगार सांख्यिकी विभागाचा एस्टिमेटरांच्या वार्षिक वेतनाचा मध्यक त्याहून थोडा वरच आहे. पण त्यात वीस वर्षं मुरलेलेही आले, आणि निम्मे लोक त्या आकड्याच्या खालीच असतात. तोच विभाग पुढच्या दशकात या कामातल्या नोकऱ्या घटतील असंही सांगतो. मेसेजमध्ये हे अर्थातच नाही.

‘दोन वर्षांनी बदला, पगार दुप्पट.’ पहिली नोकरी बदलताना उडी मिळते, नाकारत नाही. आणि 5 टक्क्यांची वाढ देऊन तीन माणसांचं काम करून घेणाऱ्या ऑफिसात थांबण्यात शहाणपणा नाही. पण एका बऱ्या इमारतीचं टेंडर ते फायनल बिल हा प्रवास दोन-तीन वर्षांचा असतो. दर दीड-दोन वर्षांनी निघणाऱ्यानं स्वतः काढलेला अंदाज शेवटी कुठे गेला हे एकदाही पाहिलेलं नसतं. ‘तुमचं एस्टिमेट आणि प्रत्यक्ष खर्च यात कुठे फरक पडला?’ असं विचारलं की अशी मुलं गप्प होतात. सीनियरच्या जागेला हाच प्रश्न विचारला जातो.

‘नाहीतर थेट दुबई.’ यूएईत पगारावर आयकर नाही, हे खरं. पण तिथे आयएस 1200 चालत नाही. पोमी किंवा एनआरएम 2 या परदेशी नियमांप्रमाणे मोजमाप आणि फिडिकचं (बांधकाम कराराचा आंतरराष्ट्रीय नमुना) कॉन्ट्रॅक्ट वाचता यावं लागतं, आणि जाहिरातींत बहुधा काही वर्षांचा, तोही गल्फचाच अनुभव मागतात. एमआरआयसीएस (सर्व्हेयरांच्या ब्रिटिश संस्थेचं सदस्यत्व) नावापुढे लागलं तर भाव वाढतो, पण तेही कोर्सनं लागत नाही. कामाचा अनुभव नोंदवून शेवटी मुलाखत द्यावी लागते. ऑफर आलीच तर बेसिक किती ते बघा. तिथली नोकरी सोडतानाची ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात, पहिली पाच वर्षं दर वर्षामागे 21 दिवसांची. घरभाडं फुगवून बेसिक बारीक ठेवलेलं असेल तर तिथे मार बसतो. आणि व्हिसाचा खर्च तिथल्या कायद्यानं कंपनीचा असतो. भारतातल्या नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं. लाख-दीड लाख मागणाऱ्याकडे आधी नोंदणी क्रमांक मागा आणि तो सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा.